वारसा कराची अफवा, बक्षीसपत्राची घाई आणि गोव्यातला अर्धा वाटा

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की ‘वारसा कर परत येतोय’ हा निरोप मोबाईलवर फिरायला लागतो. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा विषय काढला आणि पुढचे काही दिवस वाहिन्यांना तोच पुरला. त्याच वर्षी 23 जुलैला भांडवली नफ्यावरच्या कराचे नियम बदलले. मग अमेरिकेतली वारसा कराची सूट अर्धी होणार, नाही होणार, याच्या बातम्या आल्या. 1 एप्रिल 2026 पासून तर आयकराचा अख्खा कायदाच नवा. एवढं सगळं कानावर आल्यावर मडगावचा एखादा व्यापारी किंवा सत्तरी तालुक्यातला बागायतदार धास्तावला तर नवल नाही. मुलगा म्हणतो, “बाबा, नियम बदलायच्या आत सगळं आमच्या नावावर करून टाका.” आणि बाबा वकिलाकडे निघतात.

गोव्यातल्या माणसाने कराची बातमी वाचून बक्षीसपत्र करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे ‘कर किती लागेल’ याच्या आधी ‘यातलं माझं किती’ हे विचारावं लागतं. त्याचं उत्तर उरलेल्या भारतापेक्षा वेगळं आहे. ते ठाऊक नसताना केलेला कागद पुढे भावंडांच्या भांडणात पुरावा म्हणून कोर्टात हजर होतो.

भारतात वारसा कर आहे का?

नाही. होता, पण गेला. 1953 च्या कायद्याने ‘इस्टेट ड्युटी’ आली. माणूस गेल्यावर त्याच्या एकूण मालमत्तेवर हा कर लागे आणि सर्वांत वरच्या टप्प्यात त्याचा दर 85 टक्क्यांपर्यंत पोचला होता. विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना, 1985 च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. वसुली जेमतेम 20 कोटींच्या आसपास आणि वसुलीचा व्याप मोठा, असा तो मामला होता. बक्षीस देणाऱ्यावरचा कर 1998 मध्ये गेला, संपत्ती कर 2016 मध्ये.

आज वडिलांकडून मुलाला घर, शेअर्स, दागिने, काहीही वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळालं तर त्यावर आयकर नाही. हयातीत जवळच्या नातेवाइकाला बक्षीस दिलं तरी नाही. ‘जवळचा’ कोण हे कायद्याने ठरवलंय आणि त्यात गमती आहेत. काकाने पुतण्याला दिलं तर करमुक्त. पुतण्याने काकाला दिलं आणि रक्कम 50 हजारांवर गेली, तर काकाच्या उत्पन्नात धरलं जातं.

“पण उद्या वारसा कर आलाच तर? आधीच देऊन टाकलेलं बरं नाही का?” हा प्रश्न रास्त आहे. जुन्या कायद्याने त्याचं उत्तर तेव्हाच देऊन ठेवलं होतं. मृत्यूच्या आधीच्या दोन वर्षांत दिलेली बक्षिसं मेलेल्याच्याच मालमत्तेत धरली जात. घर मुलाच्या नावावर केलं आणि स्वतः त्याच घरात पूर्वीसारखे राहत राहिले, तर ते घरही धरलं जाई. पुन्हा कधी असा कायदा आलाच, तर तो लिहिणारे लोक जुना कायदा वाचूनच लिहायला बसतील.

मग कर लागतो कधी?

मिळाल्यावर नाही, विकल्यावर. गोंधळाची खरी जागा हीच.

भांडवली नफा म्हणजे विक्रीची किंमत वजा मूळ खरेदीची किंमत. वारशाने मिळालेल्या घराची खरेदी किंमत शून्य नसते आणि मिळाल्या दिवशीची बाजारभावाची किंमतही नसते. ज्याने ते शेवटचं पैसे मोजून घेतलं, त्याची किंमत वारसाला लागू होते. आजोबांनी 1958 मध्ये घेतलेलं भाट, म्हणजे माडांची बाग, असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत मूळ किंमत म्हणून धरायची मुभा आहे. मात्र ती त्या दिवशी मुद्रांक शुल्कासाठी धरल्या जाणाऱ्या किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही. बक्षीसपत्राने मिळालेल्या मालमत्तेलाही अगदी हेच नियम लागतात.

म्हणजे आयकराच्या नजरेत आज बक्षीस देणं आणि मृत्युपत्राने देणं सारखंच. कर वाचवण्यासाठी म्हणून केलेल्या घाईच्या बक्षीसपत्रातून एका रुपयाचाही आयकर वाचत नाही. उलट मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च आज होतो, आणि घर हातचं जातं ते वेगळंच. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीस अट मोडल्यास रद्द करून घेण्याची सोय आहे. ती वापरायची वेळ कोणत्याच आईबापावर येऊ नये, एवढंच म्हणतो.

आता 2024 चा बदल. पूर्वी खरेदी किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरता येई. याला इंडेक्सेशन म्हणतात. वाढवलेली किंमत वजा करून उरलेल्या नफ्यावर 20 टक्के कर लागे. 23 जुलै 2024 पासून दर 12.5 टक्के झाला आणि इंडेक्सेशन गेलं. ओरड झाल्यावर सरकारने एक दार उघडं ठेवलं. त्या तारखेच्या आधी घेतलेली जमीन किंवा इमारत असेल, तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीने दोन्ही हिशेब करावेत आणि कमी कर येईल तो भरावा. अनिवासी माणसाला हा पर्याय नाही.

आकड्यात बघू. एका घराची 2001 ची किंमत 50 लाख होती आणि 2025-26 मध्ये ते 2 कोटींना विकलं. त्या वर्षाचा महागाई निर्देशांक 376 आहे, 2001 चा 100. जुन्या पद्धतीने किंमत 188 लाख धरली जाते, नफा उरतो 12 लाख, कर 2 लाख 40 हजार. नव्या पद्धतीने नफा 150 लाख, कर 18 लाख 75 हजार. अधिभार आणि उपकर वेगळे. हेच घर म्हापशात राहणाऱ्या भावाच्या आणि लंडनमध्ये राहणाऱ्या बहिणीच्या नावावर असेल, तर एकाच विक्रीवर दोघांना लागणाऱ्या करात किती अंतर पडतं बघा.

पण तेच घर 2001 मध्ये 20 लाखांचं असेल, तर चित्र उलटतं. जुन्या पद्धतीने कर साधारण 24 लाख 96 हजार, नव्याने 22 लाख 50 हजार. 2001 ची किंमत आजपर्यंत साधारण साडेआठ पटींच्या पुढे गेली असेल तर नवा नियमच स्वस्त पडतो. आसगाव, शिवोली किंवा पर्वरीकडे जमिनीचे भाव कसे चढले हे ज्याने पाहिलंय, त्याने इंडेक्सेशन गेलं म्हणून रडण्याआधी एकदा पेन्सिल घेऊन बसावं.

बड्या विक्रेत्यांना जास्त टोचणारा बदल आधीच, 2023 मध्ये, झाला होता. घर विकून नवं घर घेतलं की भांडवली नफ्यावर सूट मिळते. त्या सुटीला 10 कोटींची मर्यादा लागली. हे 10 कोटी माणशी आहेत, आणि गोव्यात तो ‘माणूस’ मोजण्याची रीत निराळी आहे.

गोव्यात मालमत्ता मुळात कोणाची?

पोर्तुगालचा 1867 चा नागरी कायदा गोव्यात 1 जुलै 1870 पासून लागू झाला. 1961 मध्ये पोर्तुगीज गेले, पण भारतीय संसदेच्या 1962 च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. पोर्तुगालने स्वतः तो कायदा बदलून 1966 मध्ये नवा आणला. आपल्याकडे जुन्याचाच मोठा भाग राहिला. वारशापुरता तो आता गोव्याच्या विधानसभेने केलेल्या कायद्यात आला आहे. ‘गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, 2012’ असं त्याचं लांबलचक नाव, आणि तो 22 डिसेंबर 2016 पासून लागू आहे. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना एकच. 1956 चा हिंदू वारसा कायदा इथल्या गोवेकर हिंदूला लागत नाही.

या कायद्यातली पहिली गोष्ट नवरा-बायकोच्या मालमत्तेची सामाईकी. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर लग्नाबरोबर दोघांचं सगळं एक होतं आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा असतो. लग्नाआधीचं, नंतरचं, कमावलेलं, वारशाने आलेलं, जवळजवळ सगळंच. कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरीही. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, भरतीचं आणि पावसाचं पाणी शिरलं की कुठलं कोणतं हे नंतर सांगता येत नाही, तसंच इथे. पाणी अडवायचं तर मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणवाटेची, दारं आधीच लावावी लागतात. ती दारं म्हणजे लग्नापूर्वीचा करार, आणि एकदा लग्न झालं की तो करता येत नाही की बदलता येत नाही.

सिव्हिल लग्नाच्या सह्या करायला जाताना आपण हॉल, जेवण, फोटोग्राफर यांचा हिशेब चार वेळा करतो. कोणत्या पद्धतीखाली लग्न नोंदवतोय हे किती जोडप्यांनी विचारलेलं असतं, कोण जाणे. सही केली की सामाईकी लागू.

यातून रोजच्या व्यवहारात दोन गोष्टी येतात. स्थावर मालमत्ता विकायची तर नवरा-बायको दोघांची संमती लागते. आणि मुलीला माहेरचा वाटा मिळाला की सामाईकीमुळे जावयाचा त्यात अर्धा येतो. मुलाला मिळाला की सुनेचा. चार भावंडांच्या घराची विक्री करायची तर सह्या आठ. त्यातल्या तीन दुबईत, दोन पोर्तुगालात. गोव्यात जुनी घरं बंद पडून छपराची कौलं का निसटतात, याचं निम्मं उत्तर या सह्यांत आहे.

कायद्याने आधीच लिहून ठेवलेलं अर्धं मृत्युपत्र

आता वारसा. समजा फोंड्यातल्या एका दांपत्याची मिळून 8 कोटींची मालमत्ता आहे आणि मुलं तीन. वडील वारले. 8 कोटींतले 4 कोटी आईचे आहेतच, ते वारशात येत नाहीत. वारसा उघडतो तो फक्त वडिलांच्या 4 कोटींचा. त्यातला अर्धा, म्हणजे 2 कोटी, मुलांसाठी राखीव. याला लेजितिमा म्हणतात, आपण राखीव हिस्सा म्हणू. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर ते फक्त उरलेल्या 2 कोटींवर चालतं. म्हणजे ज्याला ते आयुष्यभर ‘माझी इस्टेट’ म्हणत होते, त्यातल्या पावभागावर त्यांची मर्जी.

मृत्युपत्र नसेल तर 4 कोटी तिन्ही मुलांत सारखे. मुलगी विवाहित असो, परदेशात असो, भाऊबीजेला येत नसो. 1870 पासून मुलगा-मुलगी समान आहेत. उरलेल्या भारतातल्या हिंदू कुटुंबांना वडिलोपार्जित मालमत्तेत हे 2005 मध्ये मिळालं. ही गोष्ट आपण भाषणांत अभिमानाने सांगतो आणि घरात मुलीपुढे हक्कसोडीचा कागद सरकवतो.

मुलाला वारशातून पूर्ण वगळता येतं, पण कायद्यात नेमून दिलेल्या गंभीर कारणांसाठीच. ‘माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं’ म्हणून चिडलेल्या बापाला या कारणांनी फारशी मदत होत नाही.

पळवाटा, ज्या पळवाटा नाहीत

“हयातीतच सगळं धाकट्याला बक्षीस दिलं तर मरताना काही उरणारच नाही, मग राखीव हिस्सा कशाचा?” गोव्यातल्या श्रीमंत घरांत हा प्रश्न हटकून निघतो. कायदा मृत्यूच्या वेळी मागे वळून बघतो. मुलांना हयातीत दिलेली बक्षिसं हिशेबात परत धरली जातात. बक्षीस मोकळ्या, म्हणजे मर्जीने देता येणाऱ्या, हिश्श्यापेक्षा जास्त झालं असेल, तर बाकीची भावंडं ते तेवढ्यापुरतं कमी करून घेऊ शकतात. बरं, मुळात ते देताना आईची संमती होती का? नसेल तर प्रश्न आणखी आधीच सुरू होतो.

“मग मुलीकडून आत्ताच लिहून घेतो, मला काही नको म्हणून.” हयात माणसाचा वारसा कोणाला सोडता येत नाही. बाप जिवंत असताना मुलीने केलेल्या त्या सहीला किंमत नाही. हक्कसोड होते ती मृत्यूनंतर, नोंदणीकृत दस्ताने, आणि विवाहित असेल तर जोडीदाराचा प्रश्नही त्यात येतो.

मुंबई-पुण्याचे सनदी लेखापाल सुचवतात ती एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावर वेगळं विवरणपत्र भरण्याची युक्ती, इथे साधारणपणे चालत नाही. जन्माने मिळणारा सहहिस्सेदारीचा हक्क या कायद्याच्या चौकटीतच बसत नाही. खासगी ट्रस्ट करता येतो. मोठा व्यवसाय, अपंग मूल, परदेशी वारस असे प्रश्न असतील तर तो उपयोगीही पडतो. पण राखीव हिस्सा ट्रस्टमध्ये टाकून गिळता येत नाही.

“माझं एक घर मुंबईत आहे, त्याला तरी गोव्याचा कायदा लागणार नाही ना?” सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये नेमका हाच प्रश्न सोडवला. गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची भारतात कुठेही मालमत्ता असो, वारसा गोव्याच्याच कायद्याने. त्या खटल्यातलं घर मुंबईचंच होतं.

उरलं नामनिर्देशन. बँकेत, डीमॅट खात्यात नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव घातलं म्हणून ते पैसे थोरल्याचे होत नाहीत. नॉमिनी हा स्वीकारणारा हात. मालक वारसच. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

कराच्या बाबतीत गोवेकराच्या पदरात पडलेलं

एवढं सगळं अडचणीचंच वाटेल, पण सामाईकीने एक मोठी सवलतही दिली आहे आणि ती कोणत्याही अर्थसंकल्पात नाट्यमय रीतीने जाहीर झालेली नाही. आयकर कायद्यात ‘कलम 5 अ’ 1994 मध्ये घातलं गेलं आणि ते मागच्या तारखेने, 1963 पासून, लागू केलं गेलं. सामाईकीखालच्या नवरा-बायकोचं पगार सोडून इतर सगळं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून दोघांनी वेगवेगळी विवरणपत्रं भरायची. 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे. जुन्या कलमात पोर्तुगीज कायद्याचं वर्ष 1867 ऐवजी 1860 छापलंय. तीस वर्षं कोणाला ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

या सवलतीचं वजन किती ते पाहा. डिचोलीतल्या एका दुकानदाराचं धंदा आणि घरभाडं मिळून 24 लाखांचं उत्पन्न आहे, बायकोचं स्वतंत्र काही नाही. सिंधुदुर्गातल्या त्याच्यासारख्याच दुकानदाराला 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 3 लाख 12 हजार कर लागतो. डिचोलीकराचे 24 लाख 12 आणि 12 होतात. 12 लाखांपर्यंत सूट आहे, म्हणून दोघांचा मिळून कर शून्य. सीमा ओलांडली की तीन लाख.

पगाराला हे लागू नाही, त्यामुळे सरकारी नोकराला यातून फारसं काही मिळत नाही. पण भांडवली नफा वाटला जातो. घर विकल्याचा 6 कोटींचा नफा 3 आणि 3 होतो, आणि वर म्हटलेली 10 कोटींची मर्यादाही दोघांची वेगळी मोजली जाते. शेअर्सवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातली दरवर्षीची सव्वा लाखाची सूटही तशीच.

एक पथ्य मात्र आहे. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केलेल्या जोडप्याला हे कलम लागत नाही. सामाईकी नको आणि कलम 5 अ हवं, असं दोन्ही मिळत नाही. आणि जोडीदार गेला की सामाईकी संपते, सवलतही संपते. त्या वर्षापासून उत्पन्नाची विभागणी कशी दाखवायची, हे वारसा वाटला गेलाय की नाही यावर ठरतं. म्हणून पुढचा भाग महत्त्वाचा.

इन्व्हेंटरी: भावंडांचा लिलाव

माणूस गेल्यावर वारस कोण हे ठरवायला विशेष नोटरीसमोर, म्हणजे सबरजिस्ट्रारसमोर, सक्सेशन डीड होतं. सगळ्यांचं पटत असेल तर पुढे वाटपाचा दस्त होतो आणि विषय मिटतो. पटत नसेल तर दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी.

इन्व्हेंटरीत मागे राहिलेला जोडीदार बहुधा प्रमुख म्हणून नेमला जातो. तो सगळ्या मालमत्तेची यादी देतो: घर, भाट, बँकेतली ठेव, सोनं, देणी. इतरांनी हरकती घ्यायच्या, किंमती ठरायच्या. नंतर जे वाटता येत नाही त्यावर वारसांनी आपापसात बोली लावायची. घराची किंमत यादीत 80 लाख असेल आणि एक भाऊ दीड कोटींपर्यंत चढला, तर घर त्याचं. आपल्या हिश्श्यापेक्षा जास्तीची रक्कम त्याने इतरांना पैशात द्यायची.

कायद्याच्या नजरेत ही पद्धत चोख आहे. कोणी बळकावू शकत नाही, आणि ज्याला घर हवंय त्याने खरी किंमत मोजायची. पण बोली जिंकतो तो ज्याच्याकडे रोख आहे तो. आईबापांची शुश्रूषा केलेला, त्याच घरात राहणारा धाकटा मास्तर आणि पौंडात कमावणारा थोरला समोरासमोर बोली लावतात, तेव्हा निकाल आधीच ठाऊक असतो. सेवेचा हिशेब बोलीत येत नाही.

मृत्युपत्राची खरी गरज इथे आहे. मोकळा अर्धा हिस्सा वापरून वडिलांना धाकट्याचं पारडं जड करता येतं. आईने आपल्या वाट्यापुरतं स्वतंत्र मृत्युपत्र केलं, तर दोघांचा मिळून धाकट्याला घराचा मोठा भाग मिळू शकतो, आणि थोरल्यालाही राखीव हिश्श्याच्या खाली ढकललं जात नाही. हे करायला कोणत्याही करसवलतीची वाट बघायला नको. विशेष नोटरीसमोर सार्वजनिक मृत्युपत्र करता येतं आणि मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्राचं तसं नाही.

परदेशातली मुलं आणि परदेशातले शेअर्स

गोव्यातल्या घरांना वारसा कर गाठतो तो बाहेरून. आणि इथे बदल खरोखरच झालेत.

ब्रिटनमध्ये वारसा कर 40 टक्के. त्यातली मूळ सूट 3 लाख 25 हजार पौंडांची, 2009 पासून तिथेच गोठलेली. 6 एप्रिल 2025 पासून नियम असा: मागच्या 20 वर्षांतली किमान 10 वर्षं जो ब्रिटनचा कररहिवासी होता, त्याची जगभरातली मालमत्ता हिशेबात येते. स्विंडन किंवा साउथॉलला गेलेल्या गोवेकरांतले बरेचजण या दहा वर्षांच्या पलीकडे गेलेत किंवा जातील.

लोक इथे घोळ करतात तो असा: कर वारसावर नाही, मेलेल्याच्या स्थितीवर ठरतो. काणकोणात राहणारे वडील वारले आणि स्विंडनच्या मुलीला काजूची बागायत मिळाली, तर ब्रिटनचा वारसा कर नाही. पण तीच मुलगी पुढे तिथे वारली, तर काणकोणची बागायत तिच्या मालमत्तेत मोजली जाईल. भारत आणि ब्रिटन यांच्यात 1956 चा एक करार आहे. भारतात अधिवास टिकवून असलेल्याला तो वाचवू शकतो. मात्र मालमत्ता तिथल्या कायद्याखाली केलेल्या मृत्युपत्राने गेली तर ते संरक्षण निसटतं. म्हणून गोव्यातल्या मालमत्तेचा उल्लेख लंडनच्या मृत्युपत्रात घुसडण्याआधी दोन्हीकडच्या वकिलांना विचारा.

पोर्तुगालने वारसा कर 2004 मध्ये काढला. मुद्रांक शुल्काच्या रूपात 10 टक्के राहिलेत, पण जोडीदार, मुलं, आईवडील यांना तेही नाहीत.

अमेरिकेचं उलटंच. तिथे सूट अर्धी होणार म्हणून जी चर्चा होती ती 4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या कायद्याने संपली. 2026 पासून सूट माणशी दीड कोटी डॉलर. हे वाचून इथले लोक निश्चिंत होतात. पण ही सूट अमेरिकन नागरिकाला आणि तिथे कायम वास्तव्य असलेल्याला. बाहेरच्या माणसाच्या अमेरिकेतल्या मालमत्तेला सूट फक्त 60 हजार डॉलरची, आणि वरच्या टप्प्यात दर 40 टक्के. पणजीत बसून मोबाईलवरच्या ॲपने घेतलेले अमेरिकन कंपन्यांचे शेअर्स या ‘अमेरिकेतल्या मालमत्तेत’ मोडतात. भारताशी असा करार नाही. 2 लाख डॉलरचे शेअर्स घेऊन ठेवणाऱ्या डॉक्टरांना हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही. भारतीय म्युच्युअल फंडामार्फत तीच गुंतवणूक केली तर शेअर्स फंडाच्या नावावर असतात, आणि प्रश्न बदलतो.

शेवटची अडचण पुन्हा बक्षीसपत्राची. परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेला मूळचा भारतीय) शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेऊ शकत नाही. वारशाने मात्र घेऊ शकतो. ‘नियम बदलायच्या आत’ म्हणून वडिलांनी लिस्बनच्या मुलाच्या नावे घाईने केलेलं काजूच्या बागायतीचं बक्षीसपत्र आजच्याच नियमाने अडतं. तीच बागायत त्याला मृत्युपत्राने सरळ मिळाली असती.

वकिलाकडे जाण्याआधी चार कागद काढून ठेवा: लग्नाची नोंद आणि असल्यास करार, प्रत्येक जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमीन-नोंदीचा उतारा) आणि सनद (बिगरशेती वापराची परवानगी), 1 एप्रिल 2001 च्या किमतीचा मूल्यांकन अहवाल, आणि मुलांचे पासपोर्ट कोणत्या देशाचे आहेत याची यादी. मूल्यांकन आत्ताच करून घेतलेलं बरं. 2001 मध्ये तुमच्या वाड्यावर जमिनीचा भाव काय होता हे सांगू शकणारे लोक आणि त्या वर्षीचे विक्रीचे दस्त आज शोधता येतात. नातवाने 2040 मध्ये घर विकायला काढलं, तर त्याला ते सापडतीलच असं नाही.